खोली कुणाच्या नावावर?

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय वरचेवर निघतो. कुणाची लेक नर्सिंगला पुण्याला निघालेली असते, कुणाच्या मुला-सुनेला चाकणला काम लागलेलं असतं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : राहणार कुठं? आपल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात तो मुंबईच्या गिरणगावात कसा सुटत होता, ते आज आम्ही सांगणार आहोत.

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी भागात गिरण्याच गिरण्या झाल्या. माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूरकडून. कोकणातली बोटीनं, घाटावरची रेल्वेनं. काम ओळखीनं मिळायचं आणि पाठ टेकायला जागाही ओळखीनंच. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, आपल्या गावच्या माणसाला कामाला लावायचा आणि बरेचदा खोलीचीही सोय बघायचा. त्याच्याशी बिघडलं की दोन्ही गेलं.

दुसरी सोय गावकीच्या खोलीची. एका गावचे पुरुष मिळून एक खोली भाड्यानं घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, खुंटीला कपडे. दिवसपाळीवाला बाहेर पडला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. गोव्याहून आलेल्यांचे असेच ‘कूड’ धोबीतलाव, माझगावकडं होते. या खोल्यांचं कौतुक होतं ते खरंच आहे. नवख्या माणसाला त्यांनी आसरा दिला. पण त्या पुरुषांच्या खोल्या. एकट्या बाईला तिथं थारा नव्हता.

आणि एकट्या बायकाही येतच होत्या. विधवा, टाकलेल्या, दुष्काळानं उठलेल्या. गिरणीत त्यांना सूत गुंडाळायच्या खात्यात काम मिळे, त्यांच्यावर मुकादम म्हणून ‘नायकीण’ असे. राहायला मात्र भावाच्या नाहीतर गाववाल्याच्या बिऱ्हाडातला कोपरा.

ज्या बाईचा संसार मुंबईत होता, तिची खोली तरी तिची होती का? एका खोलीत चूल, मुलंबाळं, आणि वर महिन्याच्या बोलीवर जेवायला येणारे गाववाले. ही खानावळ. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, वाण्याची उधारी फेडायची, सावकाराचं व्याज भरायचं. अशा बायकांना 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली. तोवर कितीतरी घरांचं भाडं त्या चुलीवर निघत होतं. भाडेपावती फाटायची ती नवऱ्याच्या नावाची.

पैसे असूनही जागा न मिळणारेही होते. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले. संस्थानाचा एवढा मोठा अधिकारी, पण जातीमुळं कुणी जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. दिवसाला दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडं विचारलं, तिथंही जमलं नाही. संध्याकाळपर्यंत एका बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. मुंबईत परळला सुधार ट्रस्टच्या चाळीत ते 1912 पासून 1934 पर्यंत राहिले. रमाबाईंनी संसार केला तो तिथल्याच खोल्यांत. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली, शहर सुधारायला हा ट्रस्ट निघाला होता. 1920 नंतर सरकारनं वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोडला 207 बीडीडी चाळीही बांधल्या. एक खोली, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून.

मग आला 1947 चा भाडेकायदा. 1940 सालच्या भाड्याचं माप धरून भाडी बांधली गेली आणि नियमित भाडं भरणाऱ्याला सहजी काढता येईना. मालकांनी डागडुजी सोडली, पागडी बोकाळली, हेही खरं. पण भाडेपावती सोन्यासारखी झाली. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला हक्क मिळत होता. ‘सोबत राहणाऱ्या’ हे शब्द नीट ऐका. मुंबईला खानावळ चालवणाऱ्या बाईला त्यांचा आधार झाला. पण जी गावी राहून शेत कसत होती, सासू-सासऱ्यांचं करत होती, मुंबईला तांदळाची गाठोडी पाठवत होती, ती ‘सोबत’ नव्हती. नवऱ्याच्या खोलीत राहणारा दीर किंवा पुतण्या मात्र सोबत होता. आम्हाला हा त्या काळातला सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं आहे.

आता 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, 31 मार्च 2000 पासून लागू. करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. भाड्याची पावती मागणं हा हक्क आहे. भाडेकरूला हुसकावायला पाणी-वीज तोडता येत नाही.

तेव्हा लेक जाताना शिध्याबरोबर एवढंही बघा : करारात अनामत किती ते लिहिलंय का, आणि मुलगा-सून दोघं जात असतील तर सुनेचं नाव भाडेकरू म्हणून आहे का. पुढच्या भागात एक करारनामा ओळीनं वाचून दाखवू. ज्यांच्या घरी असेल त्यांनी आपला करार हाताशी ठेवा.