हौशी रेसिंग क्लबचा प्रचार-व्हिडिओ: नियोजन कसे करावे?

छत्रपती संभाजीनगरचे वाहनांशी नाते जुने आहे. वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तर शेंद्र्यात स्कोडाचे उत्पादन २००१ मध्ये सुरू झाले. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्याही इथे मोठ्या संख्येने आहेत. अशा शहरात मोटारस्पोर्टची आवड असणाऱ्या तरुणांची कमतरता नाही. महाराष्ट्रात या खेळाला मैदानही मिळाले आहे. कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आणि नाशिक परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरली.

तळागाळात काम करणाऱ्या क्लबपुढे मात्र तीन अडचणी असतात: सभासद कमी, पैसा कमी आणि ‘रेसिंग म्हणजे रस्त्यावरचा धिंगाणा’ हा लोकांचा समज. दोन मिनिटांचा चांगला व्हिडिओ या तिन्हींवर उपयोगी पडतो. चुकीचा व्हिडिओ मात्र तो समज पक्का करतो आणि प्रसंगी पोलिसांच्या हाती पुरावाही देतो. म्हणून कॅमेरा हातात घेण्यापूर्वी नियोजन हवे.

व्हिडिओ नेमका कोणासाठी?

पहिला प्रश्न हाच. क्लबच्या व्हिडिओचे प्रेक्षक साधारण तीन प्रकारचे असतात.

• नवखे तरुण: सुरुवात कुठून करायची, स्वतःची गाडी लागते का, खर्च किती, हे त्यांना हवे असते.
• पालक: मुलगा किंवा मुलगी सुरक्षित राहील का, एवढेच त्यांना पाहायचे असते.
• प्रायोजक: आपले नाव कुठे, कोणासमोर आणि कशा वातावरणात दिसेल, याचा ते विचार करतात.

एकाच व्हिडिओत तिघांनाही खूश करायला गेले की कोणाचेच समाधान होत नाही. एक मुख्य प्रेक्षक ठरवावा आणि व्हिडिओचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे. उदाहरणार्थ, ‘हा व्हिडिओ पाहून नवख्याने पुढच्या सराव दिवसासाठी नाव नोंदवावे.’ या वाक्याला मदत न करणारे दृश्य कितीही देखणे असले तरी वगळावे.

रस्त्यावर चित्रीकरण का नको?

रविवारी एमआयडीसीतले रस्ते ओस पडतात आणि समृद्धी महामार्ग शहराच्या अगदी जवळून जातो. मोह होतो तो इथेच. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा तोच गुन्हा केल्यास कैद १ वर्षापर्यंत आणि दंड १० हजारांपर्यंत जातो. रस्ता रिकामा असला तरी तो ‘सार्वजनिक ठिकाण’च राहतो. समृद्धी महामार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाही.

चालक अल्पवयीन असेल तर पालकावर किंवा वाहनमालकावर कलम १९९-अ लागू होते. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

‘हे घरी करून पाहू नका’ अशी पाटी लावल्याने बेकायदा कृत्य कायदेशीर होत नाही. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन करणाऱ्या ‘अस्की’ या संस्थेची संहिताही वाहनांच्या जाहिरातीत वाहतुकीचे नियम मोडणे किंवा बेफाम वेगाला उत्तेजन देणे योग्य मानत नाही. प्रायोजक कंपन्यांना हे ठाऊक असते, त्यामुळे असा व्हिडिओ पाहून त्या मागे सरतात.

ठिकाण आणि परवानग्या

बंदिस्त, खासगी आणि मालकाची लेखी परवानगी असलेले मैदान हा योग्य पर्याय. शंकू लावून आखलेला ऑटोक्रॉसचा मार्ग सपाट जागेवर बसवता येतो. स्पर्धा घ्यायची असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, या राष्ट्रीय संघटनेची नियमावली पाहावी. स्पर्धकांचे परवाने हीच संघटना देते.

ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय मंचावरील नकाशा आधी पाहावा. त्यावर लाल, पिवळे आणि हिरवे असे तीन विभाग असतात. चिकलठाणा विमानतळामुळे हा मुद्दा या शहरात फार महत्त्वाचा ठरतो. २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ गटात येतात आणि त्यांना पायलट प्रमाणपत्र लागत नाही. विभागांचे निर्बंध मात्र त्यांनाही पाळावे लागतात.

बीबी का मकबरा किंवा देवगिरी किल्ला पार्श्वभूमीला घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत. तिथल्या चित्रीकरणासाठी खात्याची स्वतंत्र परवानगी लागते. छावणी भागात लष्करी आस्थापना असल्याने तिथे कॅमेरा काढण्याआधी चौकशी करावी.

शॉटची यादी

गाडी धावतानाची दृश्ये सगळेच घेतात. क्लब वेगळा दिसतो तो इतर दृश्यांमुळे: गाडीची तांत्रिक तपासणी, हेल्मेटचा पट्टा आवळणारे हात, झेंडा घेऊन उभा असलेला मार्शल, तयार असलेली रुग्णवाहिका आणि अग्निशामक, नवख्याला वळण समजावणारा अनुभवी चालक. पालकांना विश्वास वाटतो तो याच दृश्यांनी.

वेग दाखवण्यासाठी गाडी खरोखर भरधाव असण्याची गरज नसते. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला तर धावती गाडी उभी असल्यासारखी दिसते. तो १/६० च्या आसपास ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला तर पार्श्वभूमी पुसट होते आणि ४० किलोमीटरचा वेगही जोरदार भासतो. जमिनीलगत ठेवलेला, माणसाविना चालणारा छोटा कॅमेरा हाच परिणाम साधतो.

मराठवाड्यातले ऊनही हिशेबात धरावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कॅमेरे तापून बंद पडतात आणि प्रकाशही कडक असतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी चित्रीकरण ठेवावे. धुळीसाठी लेन्सवर फिल्टर आणि पुसायला मऊ कापड जवळ असावे.

कॅमेरामनची जागा

वळणावर नियंत्रण सुटलेली गाडी सहसा वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकली जाते. त्यामुळे बाहेरच्या कडेला कोणीही उभे राहू नये. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर कापते, म्हणजे पळायला वेळच मिळत नाही. कॅमेरामनचे डोळे स्क्रीनवर असतात, म्हणून ट्रॅककडे पाहणारा एक साथीदार त्याच्या शेजारी हवाच.

१९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक दगावले होते. जवळून पाहण्याच्या हौसेपायी लोक थेट मार्गावर उभे राहत. त्याच वर्षीच्या आणखी एका जीवघेण्या अपघातानंतर ‘ग्रुप बी’ हा अतिवेगवान गाड्यांचा गटच १९८७ पासून जागतिक रॅलीतून बंद झाला.

गाडीवर कॅमेरा लावल्यास तो पक्का बसला आहे याची तपासणी करून घ्यावी. हेल्मेटवर कॅमेरा चिकटवू नये, कारण अनेक स्पर्धांत त्याला परवानगी नसते.

आवाज, संगीत आणि संमती

इंजिनचा आवाज गाडी उभी असताना वेगळा ध्वनिमुद्रित करावा. धावताना तो वाऱ्यात हरवतो. मुलाखतीसाठी कॉलर माइक आणि त्यावर फोमचे आवरण पुरेसे असते. लोकप्रिय चित्रपटगीत परस्पर वापरू नये. हक्कधारकाने दावा केल्यास व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच हटवला जातो. परवाना असलेले संगीत घ्यावे किंवा स्थानिक ढोल-ताशा पथकाकडून, त्यांच्या संमतीने, नवे वाजवून घ्यावे.

ओळखू येईल अशा प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती घ्यावी. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही आवश्यक समजावी.

लांबी आणि शेवटची तपासणी

मुख्य व्हिडिओ ९० सेकंद ते २ मिनिटांचा असावा आणि त्यातूनच १५ ते ३० सेकंदांचे उभे रील काढावेत. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मराठी उपशीर्षके द्यावीत. शेवटी तारीख, ठिकाण, शुल्क आणि नोंदणीची पद्धत स्पष्ट दिसली पाहिजे.

प्रसिद्ध करण्यापूर्वी व्हिडिओ क्लबबाहेरच्या तिघांना दाखवावा: एक नवखा, एक पालक, एक उद्योजक. पाहून झाल्यावर ‘हा क्लब काय करतो?’ असे विचारावे. ‘गाड्या पळवतो’ असे उत्तर आले तर संकलन पुन्हा करावे. ‘गाडी नीट चालवायला शिकवतो’ असे आले तर व्हिडिओ तयार आहे.

यशही केवळ किती जणांनी पाहिले यावर मोजू नये. पुढच्या सराव दिवशी किती नवी माणसे मैदानावर आली, हा खरा आकडा.