चौलचे लाखकाम आणि पारदर्शक लेप

जुन्या लाकडी सामानावर लाकडाचा पोत दाखविणारा पारदर्शक लेप मूळचाच असतो, असा एक समज रूढ आहे. रायगडच्या किनाऱ्यापुरते तरी हा समज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. लाख जुनी आहे. तिची पारदर्शकता मात्र तितकी जुनी नाही.

फ्रेंच प्रवासी पिरार हा १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. चौल येथे होणाऱ्या पेट्या, चिनी धाटणीची कपाटे आणि नाना रंगांच्या लाखेने मढविलेले पलंग यांचा तो उल्लेख करतो. ही लाख कशी चढवीत, ते त्याच्या आधी डच प्रवासी लिन्स्खोटेन याने १५९६ च्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते, लाकडाच्या रेषांत शिरते, आणि पुढे घासल्यावर काचेसारखी चकाकते. ही चकाकी लाखेची होती, लाकडाची नव्हे. सागाचा पोत तिच्याखाली पूर्णपणे झाकला जाई.

भाषेचा पुरावाही याच दिशेने जातो. संस्कृत ‘लाक्षा’ हा शब्द कीटकजन्य राळेइतकाच तिच्यातून निघणाऱ्या तांबड्या रंगाचाही वाचक आहे. ‘रोगण’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ तेल किंवा तूप. मराठीने त्याला ‘रंगा’शी जोडून ‘रंगरोगण’ हा जोडशब्द रूढ केला, आणि त्यातही प्रधान कल्पना झाकण्याचीच आहे. लाकूड उघडे दाखविणाऱ्या लेपाला मात्र मराठीने ‘पॉलिश’ हा इंग्रजी शब्द घेतला. गंमत अशी की या शब्दाला पदार्थाशी कर्तव्य नाही. त्याचा मूळ अर्थ केवळ घासून गुळगुळीत करणे एवढाच.

हा पदार्थ मात्र परका नव्हता. लाख शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे केले की चपडा तयार होतो. तो स्पिरिटात विरघळवून कापडी बोळ्याने थरावर थर चढविण्याची ‘फ्रेंच पॉलिश’ ही रीत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आली, आणि इंग्रजी अमलात इकडे पोहोचली. म्हणजे चौलच्या पलंगावरील लाख व पुढच्या काळातील खुर्चीवरील पॉलिश यांचे द्रव्य एकच. हेतू मात्र उलटे. किनाऱ्यावरील पावसाळा या नव्या लेपाला फारसा मानवणारा नव्हे. ओल शिरली की चपड्यावर पांढुरका डाग उमटतो.

जुन्या वस्तूची परीक्षा करताना या एकद्रव्यतेमुळेच फसगत होते. स्पिरिटाच्या थेंबाने लेप मऊ पडला, तर तो लाखेचा आहे एवढेच बहुधा ठरते. तो रंगीत आच्छादनाचा अवशेष की मागाहून दिलेले पॉलिश, हे त्यावरून ठरत नाही. त्याचा निर्णय कातीव पायांच्या खोल खाचांत करावा लागतो, कारण रंगाचे कण टिकले तर तेथेच टिकतात. दुर्दैवाने नवा पारदर्शक लेप देण्यापूर्वी काचकागदाने सर्वांत कसून घासल्या जातात त्याही याच खाचा.