‘कर्पस’ : एस्तेरच्या ग्रंथातील एक धागा

पवित्र शास्त्रातील काही शब्द एकदाच येतात आणि भाष्यकारांना शतकानुशतके कोड्यात टाकतात. जुन्या करारातील एस्तेरच्या ग्रंथात (१:६) असा एक शब्द आहे : ‘कर्पस’. शूशन येथील राजवाड्याच्या बागेत मेजवानीसाठी लावलेल्या पडद्यांच्या वर्णनात तो येतो. समग्र हिब्रू शास्त्रात तो पुन्हा कोठेही आढळत नाही.

संत जेरोम यांच्या लॅटिन अनुवादात हा शब्द ‘कार्पासिनी’ या रूपाने टिकला. पण आकाशी आणि निळा या दोन रंगांच्या मध्ये पडल्याने तोही रंगच भासू लागला. १६११ च्या इंग्रजी ‘किंग जेम्स’ भाषांतराने तर सरळ ‘हिरवा’ असे छापले. कापड रंगात विरून गेले!

आम्हां मराठी वाचकांच्या कानांना मात्र हा शब्द परका नाही. संस्कृत ‘कर्पास’, प्राकृत ‘कप्पास’ आणि आपला ‘कापूस’ ही त्याचीच भावंडे. फारसीच्या वाटेने तो हिब्रूत पोहोचला, असे अभ्यासक मानतात. त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात राज्याची सीमा सांगताना ‘होद्दू’, म्हणजे हिंदुस्थान, हे नावही येते. एस्तेरच्या राजाला सामान्यतः इराणचा सम्राट झर्क्सिस (इ. स. पूर्व ४८६–४६५) समजतात; त्याच्या सैन्यातील हिंदी सैनिक झाडापासून मिळणाऱ्या लोकरीची वस्त्रे ल्याले होते, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने केली आहे. शास्त्रवचन आणि इतिहास येथे एकमेकांना दुजोरा देतात.

कोल्हापुरात बसून हे वाचताना मोह होतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे उत्खननही केले. परंतु तो रोमन व्यापार एस्तेरच्या राजाहून कित्येक शतके अलीकडचा. शूशनचे पडदे आमच्या भूमीतून गेले, असे म्हणण्यास आधार नाही, आणि श्रद्धेला अशा आधाराची गरजही नाही.

तरीही एक गोष्ट उरते. याच जिल्ह्यातील इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गाव मागांच्या खडखडाटाने भरून गेले. अनुवादकाने ‘हिरवा’ लिहिले, की विणकर नाहीसा होतो. ‘कापूस’ लिहिले, की राजाच्या वैभवामागे पेरणारे, वेचणारे, कातणारे हात दिसू लागतात. शब्दाचा अर्थ नेमका लावणे हे केवळ पांडित्य नव्हे. तो त्या अनाम हातांना दिलेला न्यायही आहे, असे आम्हांस वाटते.