अमेरिकेतील शेतकरी आणि अन्नपुरवठा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतमाल उदंड पिकतो. मात्र पिकवणाऱ्याच्या पदरात किमतीचा लहानसा वाटा पडतो, आणि माल ताटापर्यंत नेणारी वाट मोजक्या कारखान्यांतून, मोजक्या गिऱ्हाइकांतून व आटत चाललेल्या पाण्यावरून जाते. ग्राहक अन्नावर एक डॉलर खर्च करतो तेव्हा शेतकऱ्याला त्यातले साधारण १५ ते १६ सेंट मिळतात, असा तेथील कृषी खात्याचा हिशेब आहे. बाकीचे प्रक्रिया, वाहतूक, दुकानदारी आणि उपाहारगृहे यांत जातात. तेथील शेतीसंकटाचे मूळ टंचाईत शोधू गेल्यास सापडत नाही. ते या वाटेच्या अरुंदपणात आहे.

शेते आणि शेतकरी. १९३५ साली देशात सुमारे ६८ लाख शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती १९ लाखांवर आली. सरासरी शेत ४६३ एकरांचे भरले. कोरडवाहू अडीच एकरांच्या धन्याला हा आकडा जहागिरीसारखा वाटेल, पण सरासरी फसवी असते. वर्षाला दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त विक्री करणारी जेमतेम सहा टक्के शेते देशातला तीन चतुर्थांशाहून अधिक माल विकतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे घर बाहेरच्या पगारावर चालते. एकाने ट्रॅक्टर चालवायचा आणि दुसऱ्याने शाळेत किंवा इस्पितळात नोकरी करून घरचा आरोग्यविमा सांभाळायचा, ही मक्याच्या पट्ट्यातली नेहमीची वाटणी आहे.

शेती करणाऱ्याचे सरासरी वय ५८ आहे. आयोवात चांगल्या जमिनीला एकरी ११ हजार डॉलरांहून जास्त पडतात, त्यामुळे वारसा किंवा सासुरवाडीची जमीन नसलेल्या तरुणाला शेतीत शिरणे जवळपास अशक्य झाले आहे. देशातील सुमारे ४० टक्के शेतजमीन खंडाने कसली जाते. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कहाणी याहून कडू. १९२० मध्ये ते सव्वानऊ लाख होते, आज पन्नास हजारांच्या आत आहेत. कर्ज देताना सरकारी कचेऱ्यांनी त्यांच्याशी भेदभाव केला, या तक्रारीवरचा पिगफोर्ड खटला १९९९ मध्ये तडजोडीने मिटला, तोवर बहुतेकांच्या जमिनी गेल्या होत्या.

कर्ज. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकी धान्याची प्रचंड खरेदी केली आणि भाव भडकले. कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी बांधापासून बांधापर्यंत पेरा, शेते मोठी करा, असा धोशा लावला. शेतकऱ्यांनी चढ्या भावाने जमिनी घेतल्या आणि बँकांनी जमिनीच्या वाढत्या किमतीवर हात सैल सोडला. पुढे महागाई मोडण्यासाठी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी पैसा आवळला. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ व्याजदर २१.५ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर यांनी अफगाणिस्तानवरील आक्रमणाबद्दल सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर बंदी घातली होती. भाव पडले आणि तारणातल्या जमिनीची किंमतही पडली. पुढची काही वर्षे गावोगाव लिलाव झाले. अंगणात ओळीने उभे केलेले ट्रॅक्टर व नांगर, बोली पुकारणारा लिलाववाला आणि नजर चुकवून उभे असलेले शेजारी, हे दृश्य त्या पिढीच्या मनातून गेलेले नाही. आत्महत्याही झाल्या. शेतकऱ्यांना कर्जफेडीसाठी मुदत देणारे दिवाळखोरी कायद्याचे बारावे प्रकरण १९८६ मध्ये आले. विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प या गायकांनी १९८५ मध्ये इलिनॉयमधील शँपेन येथे भरवलेली ‘फार्म एड’ मैफल आजही दरवर्षी होते.

२०२२ नंतर याच चित्राची फिकट आवृत्ती दिसू लागली. युक्रेन युद्धाने खत महागले, व्याज चढले आणि २०२२ मध्ये ६ डॉलरांच्या वर असलेला मक्याचा बुशेल (सुमारे २५ किलो) २०२४ मध्ये ४ डॉलरांच्या आसपास आला. पीकविम्याचा साधारण ६० टक्के हप्ता सरकार भरते, म्हणून एका खराब हंगामात शेतकरी बुडत नाही. पण विमा भावाच्या लांबलेल्या घसरणीवर औषध नाही.

एकच गिऱ्हाईक. सोयाबीनचा बाजार चीनवर टेकला आहे. उत्तर डाकोटातल्या धान्यकोठारांपाशी शंभराहून अधिक डब्यांच्या मालगाड्या भरतात आणि सरळ पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बंदरांकडे जातात. ही सगळी मांडणी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका गिऱ्हाइकासाठी उभी राहिली. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने चिनी मालावर आयातशुल्क लावले, चीनने उलट सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावले, आणि २०१७ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरची असलेली चीनला होणारी सोयाबीनची निर्यात वर्षभरात ३ अब्जांवर कोसळली. सरकारने दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरांपर्यंतची मदत जाहीर केली. दरम्यान चीनने ब्राझीलकडे मोर्चा वळवला तो वळवलाच. २०२५ मध्ये हेच नाटक पुन्हा रंगले. ऐन कापणीच्या तोंडावर चीनने नवी खरेदी थांबवली, ऑक्टोबरअखेर ट्रम्प आणि चीनचे अध्यक्ष शी यांच्या भेटीनंतर ती काही प्रमाणात सुरू झाली आणि डिसेंबरात १२ अब्ज डॉलरांची मदत जाहीर झाली. मदतीचा धनादेश घेणारे शेतकरी जाहीरपणे सांगतात की आम्हाला अनुदान नको, बाजार हवा. धनादेश मात्र कोणी परत करत नाही. करावा अशी अपेक्षाही नाही.

कत्तलखान्याचा गळा. खाऊपिऊ घालून तयार केलेल्या मांसाच्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांकडे जातात. याचा अर्थ काय, हे कॅन्ससमधील हॉलकम या लहान गावात कळले. ९ ऑगस्ट २०१९ च्या रात्री तेथील टायसनच्या कारखान्याला आग लागली. देशातल्या अशा गुरांपैकी सुमारे सहा टक्के एकट्या या कारखान्यात कापली जात. आगीनंतर जिवंत गुरांचा भाव पडला, कारण ती घ्यायला जागा कमी झाली. आणि गोमांसाचा घाऊक भाव चढला, कारण माल कमी झाला. पशुपालक आणि ग्राहक दोघेही नुकसानीत गेले आणि मधल्यांचा नफा वाढला.

पुढच्या वर्षी कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण डाकोटातील सू फॉल्सचा डुकरांचा मोठा कारखाना कामगार आजारी पडल्याने बंद झाला, मग इतरही. डुक्करपालन घड्याळावर चालते. साधारण सहा महिन्यांत जनावर १२५ किलोंच्या आसपास भरते, ते ट्रकमध्ये चढते आणि मोकळ्या खोलीत नवी पिले येतात. ट्रक आला नाही की पिलांना जागा नाही, आणि जनावर वाढत राहिले तर कारखान्याच्या यंत्रात बसत नाही. शेतकऱ्यांनी खाद्य बदलून आणि गोठे उबदार ठेवून वाढ रोखायचा प्रयत्न केला. तेही पुरेना तेव्हा जनावरे मारून पुरली. शाळा आणि हॉटेले बंद असल्याने दूध ओतून द्यावे लागले. त्याच आठवड्यांत शहरांतल्या अन्नपेढ्यांपुढे मोटारींच्या मैलमैल रांगा लागल्या होत्या. दूध होते, पण ते शाळांना पुरवायच्या मापाच्या वेष्टनांत भरणारी यंत्रे घरगुती बाटल्या भरू शकत नव्हती.

पुढे दुष्काळ आणि महाग चारा यांमुळे गुरे पाळणाऱ्यांनी माद्याही विकल्या. जानेवारी २०२५ मध्ये देशातील गुरे ८ कोटी ६७ लाख होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. गुरे कमी पडल्याने टायसनने नेब्रास्कातील लेक्सिंग्टनचा कारखाना बंद करण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. सुमारे तीन हजार कामगारांचा तो कारखाना हेच त्या गावाचे पोट होते.

अंड्यांचे संकट रोगाने आले. फेब्रुवारी २०२२ पासून बर्ड फ्लूमुळे १६ कोटींहून अधिक पक्षी मेले वा मारावे लागले. एकेका शेडसमूहात लाखो कोंबड्या असल्याने एक पक्षी आजारी निघाला तरी सगळा कळप जातो. मार्च २०२५ मध्ये डझन अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलर या विक्रमावर पोचला.

मजूर. पिकांतल्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडे कायदेशीर कागद नाहीत. स्ट्रॉबेरी आणि कोशिंबिरीचा पाला अजून बहुतांशी हातानेच काढावा लागतो. परदेशी हंगामी मजुरांसाठीचा ‘एच-२ए’ व्हिसा झपाट्याने वाढला, पण राहण्याची सोय आणि प्रवासखर्च मालकावर पडतो. शिवाय तो हंगामी कामापुरताच असल्याने बारमाही चालणाऱ्या दुग्धव्यवसायाच्या उपयोगाचा नाही.

पाणी. दक्षिण डाकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांखाली ओगलाला हा भूजलसाठा आहे. फ्रँक झायबाक या कोलोरॅडोतील शेतकऱ्याने १९५२ मध्ये पेटंट घेतलेले सिंचनयंत्र मध्यभागी खिळलेल्या लांब नळाने घड्याळाच्या काट्यासारखे शेतभर फिरते. विमानातून पश्चिम कॅन्सस पाहिला तर चौकोनी जमिनीवर नाणी मांडल्यासारखी हिरवी वर्तुळे दिसतात, ती यामुळे. या वर्तुळांतला मका व ज्वारी गुरांना जातात आणि ती गुरे हॉलकम, डॉज सिटी इथल्या कारखान्यांत. कारखाने पाण्याच्या मागोमाग तिथे गेले. उपशाच्या मानाने पुनर्भरण नगण्य आहे. पश्चिम कॅन्सस आणि टेक्सासच्या काही भागांत विहिरींचे पाणी इतके कमी झाले की शेतकरी कोरडवाहूवर परतले आहेत. मैदानांचा स्वभाव १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी एकदा दाखवला होता, आणि त्यातूनच १९३५ मध्ये मृद्‌संधारण सेवा स्थापन झाली. हिवाळ्यात देशभर विकला जाणारा पालेभाजीचा बहुतांश माल ॲरिझोनातील यूमा आणि कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यातून येतो. तो कोलोरॅडो नदीवर जगतो, आणि त्या नदीचे १९२२ मध्ये वाटलेले पाणी प्रत्यक्षात नदीत असतेच असे नाही.

मराठी वाचकाला या मैदानांची ओळख आहे, फक्त नावाने नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या दुष्काळांत रेशनवर मिळालेली तांबडी ‘मिलो’ म्हणजे अमेरिकेत जनावरांना घालतात ती ज्वारी. कॅन्सस आणि टेक्सास ही तिची मुख्य राज्ये. तिच्या भाकरीची चव जुनी माणसे अजून नाक मुरडून सांगतात. आज हा संबंध भावाचा आहे. शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीन घसरले की सोयापेंडीच्या निर्यातीमार्फत त्याची झळ लातूरच्या आडतीपर्यंत येते.

कायदा आणि भूक. शेतीचे सरकारी धोरण साधारण पाच वर्षांनी होणाऱ्या ‘फार्म बिला’त ठरते, त्याचा आरंभ १९३३ च्या कायद्यातून झाला. १९७३ पासून गरिबांच्या अन्नमदतीची योजना याच विधेयकात आहे. ही जोडणी राजकीय हुशारीची होती: शहरी प्रतिनिधींनी शेतीला मत द्यायचे, ग्रामीण प्रतिनिधींनी अन्नमदतीला. आज ‘स्नॅप’ नावाच्या या योजनेवर दरमहा सुमारे चार कोटी लोक अवलंबून असतात आणि विधेयकातला बहुतांश पैसा तिच्याकडे जातो. २०१८ च्या कायद्याची मुदत २०२३ मध्ये संपली आणि पुढे मुदतवाढीवर भागवले गेले. जुलै २०२५ च्या अर्थविषयक कायद्याने पिकांचे संदर्भभाव, म्हणजे ज्यांच्या खाली बाजारभाव गेला की सरकार भरपाई देते ते भाव, वाढवले आणि त्याच फटक्यात स्नॅपला कात्री लावली. जुनी देवाणघेवाण त्याने मोडली, असेच म्हणावे लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना स्नॅपची रक्कम अनेकांना वेळेवर मिळाली नाही.

कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये देशातील १३.५ टक्के कुटुंबांना, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख घरांना, वर्षात कधी ना कधी पुरेसे अन्न मिळवणे कठीण गेले.