मानवेल, चरखा आणि गळाची काठी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांमध्ये स्टीलहेड नावाचा एक मासा मिळतो. जात रेनबो ट्राउटचीच, पण हे महाशय नदीत जन्मतात, समुद्रात जाऊन धष्टपुष्ट होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतात. सिअ‍ॅटल-पोर्टलंडकडे ऑनसाइट गेलेली आपली बरीच मंडळी वीकएंडला याच्या नादी लागतात. पहिला प्रश्न ठरलेला, "काठी कुठली घेऊ आणि रीळ कुठलं?" उत्तरही जवळजवळ ठरलेलं. साडेआठ ते साडेदहा फुटांची मध्यम ताकदीची काठी, आठ ते बारा पौंडांची दोरी आणि न अडकता, एकसारखा ब्रेक लावत दोरी सोडणारं रीळ.

हे आकडे आले कुठून? कॅटलॉगमधून नाही, माशाकडून आले. स्टीलहेड गळाला लागला की वाहत्या पाण्यात सुसाट पळतो. लांब काठी दोरीला पाण्याच्या वर उचलून धरते आणि वाकून प्रत्येक हिसका पोटात घेते. म्हणजे काठी ही मुळात एक स्प्रिंग आहे. दहा पौंडांची दोरी दहा पौंडांहून जड मासा ओढू शकते ती या स्प्रिंगच्या जिवावर. रिक्वायरमेंट माशाची, डिझाइन माणसाचं.

आता आपल्याकडे या. स्टीलहेडच्या तोडीचा आपला मासा म्हणजे महाशीर. मराठीत खडशी. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी दख्खनची मोजदाद करत फिरत होता. त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन १८३९ साली छापलं आणि जातीचं नाव इथल्या बोलीतूनच उचललं, 'खुद्री'. आजही जगभरच्या पुस्तकांत त्या माशाचं नाव टॉर खुद्री असंच आहे. (मुळा-मुठेचं आजचं पाणी बघून हे खरं वाटणार नाही, पण खरं आहे.)

महाशीरासाठी काठी कुठली घ्यावी यावर पहिलं गाजलेलं पुस्तक आलं १८७३ साली, 'द रॉड इन इंडिया'. लेखक हेन्री सलिवन थॉमस, मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला साहेब. त्याचं मत असं की सारख्याच वजनाच्या सामन माशापेक्षा महाशीर जास्त झुंजतो. मासा लागल्या लागल्या जी पहिली धाव घेतो, तीत भरपूर दोरी एका दमात जाते. शिवाय त्याच्या घशात असे दात असतात की साधा गळ चिरडून टाकतो. म्हणजे विलायतेहून आणलेलं नाजूक ट्राउटचं सामान इथे कामाचं नाही. गळ जाड हवा, रिळावर दोरी भरपूर हवी आणि काठी हलकी असूनही न मोडणारी हवी.

हलकी आणि न मोडणारी. इथेच खरी अडचण होती. त्या काळी विलायती काठ्या ग्रीनहार्ट नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या लाकडाच्या असत. मजबूत, पण वजनदार. दिवसभर हातात धरली तर खांदा निखळायची वेळ. यावर तोड निघाली ती बांबूची. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदूक-कारागिराने १८४०च्या दशकात बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठी करायला सुरुवात केली. पुढे सहा त्रिकोणी पट्ट्यांची षट्कोनी काठी रूढ झाली आणि मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने १८७०च्या दशकात पट्ट्या कापायचं यंत्रच बनवलं.

चिरून परत चिकटवायचं कशाला? ज्यांनी मटेरियल्सचा पेपर दिलाय त्यांना लगेच पटेल. बांबूचे सगळ्यात दाट तंतू सालीच्या लगत असतात, आतला भाग त्या मानाने मऊ. आणि काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या बाजूलाच येतो. म्हणून मऊ भाग तासून टाकायचा आणि सहाही बाजूंना कडक साल येईल अशी मांडणी करायची. आजच्या कार्बन फायबरच्या काठीत इंजिनिअर जे करतात त्याचंच हे तत्त्व, फक्त शंभर-सव्वाशे वर्षं आधीचं.

आणि हा बांबू यायचा कुठून? आपल्याकडून! व्यापारात त्याचं नाव होतं 'कलकत्ता केन', कारण माल कलकत्ता बंदरातून जहाजात चढायचा. अंगावर भाजल्याचे काळे डाग ही त्याची ओळख. वनस्पतिशास्त्रात हा बांबू सहसा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणून ओळखला जातो. म्हणजे नर बांबू, आपली मानवेल. जाड भिंतीचा, बऱ्याचदा चक्क भरीव. पोलिसांची लाठी त्याची, घोडदळाच्या भाल्याचा दांडा त्याचा. आणि कोरड्या पानझडी जंगलात वाढणारी ही जात विदर्भाची अगदी घरची आहे. वर्ध्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीकडे जात राहा, जंगलात हिचीच बेटं दिसतील. अमेरिकेत गेलेली नेमकी काठी कुठल्या रानातली हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण ज्या जातीच्या बांबूवर तिकडे एक उद्योग उभा राहिला, ती जात आपल्या ढिवर-भोयांच्या हातात पिढ्यान् पिढ्या होतीच. सरळ बांबू, टोकाला दोरी, दोरीला गळ. रीळ नाही, वार्निश नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम कायद्याचा. १८७८च्या वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला गेला आणि १९२७च्या कायद्यात तीच व्याख्या कायम राहिली. बांबू शास्त्राप्रमाणे गवत आहे, पण कायद्याने झाड! झाड म्हटलं की तो इमारती मालासारखा सरकारी शिस्तीत आला. तोड, वाहतूक, विक्री, सगळ्याला परवाना. म्हणजे हा बांबू जहाजातून सातासमुद्रापार जाऊ शकत होता, आणि जंगलाकाठच्या माणसाला मात्र टोपलीपुरता बांबू तोडायलाही वन खात्याच्या मर्जीवर राहावं लागत होतं.

पाण्याचंही थोडं तसंच. थॉमससारख्या हौशी साहेबांची तक्रार होती की इथले लोक बारीक जाळी आणि बांध घालून पिल्लंसुद्धा मारतात. १८९७ साली भारतीय मत्स्य कायदा आला. त्याने सुरुंगाचे स्फोट करून आणि विष कालवून मासे मारायला बंदी घातली. हे योग्यच झालं, आजही तो गुन्हा असायलाच हवा. पण त्याच कायद्याने जाळीचा आणि पाण्यात मांडायच्या सापळ्यांचा नियम ठरवायचा अधिकारही सरकारकडे नेला. नियम कोणाच्या सोयीचे होणार हे सांगायला नको. काठीने मासा धरणं हा 'स्पोर्ट' आणि जाळ्याने धरणं हा 'नाश', ही वाटणी तेव्हाची. मासा खेळासाठी लागणारा कोण आणि पोटासाठी लागणारा कोण, हे त्या वाटणीत कुठेच नव्हतं.

कलकत्ता केनचा जमाना फार टिकला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला टाँकिन बांबू बाजारात आला. अधिक सरळ, पेरं कमी फुगलेली, कडक तंतूंचा थर जाड. आपला बांबू मागे पडला तो गुणवत्तेवर, यात राजकारण नाही. राजकारण आलं १९५० साली. कोरियन युद्धात चीन उतरल्यावर अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टाँकिन बांबू एका फटक्यात बंद. फायबरग्लासच्या काठ्या १९४०च्या दशकातच निघाल्या होत्या, त्यांना मोकळं रान मिळालं. मग १९७०च्या दशकात कार्बन फायबर आलं. आज दुकानात काठी हातात घेऊन तुम्ही "वा, काय हलकी आहे" म्हणता, त्यामागे एवढं सगळं आहे.

राहिलं रीळ. जुन्या रिळात चाक फिरून दोरी सुटते. आमिष फेकलं की त्या आमिषाने चाकाला गरगर फिरवायचं. आमिष हलकं असेल तर चाक हलतच नाही, आणि एकदा फिरायला लागलेलं चाक आमिष पाण्यात पडलं तरी थांबत नाही. मग दोरीचा असा गुंता होतो की दिवस त्यातच जातो. १९०५ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कापड गिरणीवाल्याने, आल्फ्रेड इलिंगवर्थने, यावर पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिन जागच्या जागी उभी असते आणि सूत तिच्या टोकावरून सटकत येतं. त्याने रिळाचं तेच केलं. चाक आडवं वळवलं, स्थिर ठेवलं, दोरी कडेवरून वेटोळ्यावेटोळ्याने सुटू दिली. चाक फिरवायचंच नाही म्हटल्यावर गुंता कमी आणि हलकं आमिषही लांब जाणार. आज नवशिक्याला जे 'स्पिनिंग रील' देतात ते याचंच वंशज.

ही युक्ती बघायला ब्रॅडफर्डला जायची गरज नाही. वर्धा शहरात मगन संग्रहालय आहे, गांधीजींच्या हस्ते १९३८ साली सुरू झालेलं. तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेत. चरख्याच्या चातीकडे, म्हणजे त्या लोखंडी सळईकडे, नीट बघा. सूत चातीच्या टोकाच्या रोखाने धरलं की प्रत्येक फेऱ्याला टोकावरून सटकतं आणि पीळ बसतो. तेच सूत काटकोनात धरलं की चातीवर गुंडाळलं जातं. एकाच सळईवरून सुटणं आणि गुंडाळणं, फरक फक्त धरायच्या कोनाचा. वर्ध्यातल्या ज्या आज्या रोज सूत कातायच्या, त्यांना स्पिनिंग रील समजावून सांगायला दोन मिनिटं पुरली असती :)

आता आजचं बोलू. वर्धा जिल्ह्यात काठी घेऊन बसायचं असेल तर? पहिली निवड पाण्याची. बोर धरणाचा परिसर व्याघ्र प्रकल्पाचा आहे, २०१४ पासून, तेव्हा तिकडे हा विचारच नको. बाकीचे जलाशय आणि तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथलं मत्स्यबीज संस्थेच्या पैशाने सोडलेलं असतं, म्हणून आधी संस्थेला विचारा, जे काही शुल्क असेल ते द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा काठी घरी ठेवा.

दुसरी निवड माशाची. रोहू-कतल्यासाठी सात-आठ फुटांची मध्यम काठी आणि दहा-बारा पौंडांची दोरी पुरे. मरळ मात्र गवतात, शेवाळात लपते. तिला गवतातून उपटून काढावं लागतं, म्हणून काठी आखूड आणि कडक, दोरी विणलेली. रीळ दोन्हीला अडीच ते तीन हजार नंबरचं चालतं. दहा फुटांची स्टीलहेड काठी इथे आणलीत तर बाभळीत अडकण्यापलीकडे काही होणार नाही. खर्च करायचाच तर रिळाच्या ब्रेकवर करा, काठीच्या रंगावर नको.

आणि बांबूचं काय झालं? २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं आणि तो ग्रामसभेच्या हक्कात आला. कागदावरचा हक्क हातात यायला अजून पाच वर्षं लागली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपला बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक पासचं पुस्तक मिळालं ते एप्रिल २०११मध्ये. २०१७च्या दुरुस्तीने 'झाड' या व्याख्येतून बांबू निघाला, त्यामुळे जंगलाबाहेर, शेताच्या बांधावर वाढलेला बांबूही मोकळा झाला. १८७८ ते २०१७, म्हणजे एकशे एकोणचाळीस वर्षं. आपल्या एखाद्या सॉफ्टवेअरमधला बग इतकी वर्षं राहिला असता तर?

असो. कार्बनची काठी घ्या, हरकत नाही. पण घ्यायच्या आधी एकदा मानवेलीचा तुकडा हातात धरून वाकवून बघा. किती वाकते आणि सोडल्यावर कशी सरळ होते, हे कळलं की दुकानातली कुठलीही काठी तुम्हाला पारखता येईल.