लेखकाची सेवापुस्तिका

सरकारी चाकरीत पाऊल ठेवताच आपल्या नावाची एक सेवापुस्तिका उघडली जाते. जन्मतारीख, नेमणूक, बदली, रजा, वेतनवाढ या साऱ्यांची तीत नोंद होते, आणि ती ठेवण्याची चिंता आपणास वाहावी लागत नाही. कचेरी ती वाहते. लेखकाचे तसे नाही. जो कोणाचाही नोकर न राहता केवळ लेखणीच्या बळावर उभा राहू पाहतो, त्याची सेवापुस्तिका त्याची त्यालाच उघडावी लागते. संपादक त्याला पहिला प्रश्न विचारतो तो 'आजवर काय लिहिले?' हा, आणि त्याचे उत्तर नुसत्या तोंडाने देऊन भागत नाही. छापील कात्रणे पुढे ठेवावी लागतात. पहिले कात्रण हाती येण्यासाठी कोणीतरी आधी छापले पाहिजे, आणि छापणारा तर आधीची कात्रणे मागतो! या पेचात सापडून कित्येक होतकरू लेखण्या पहिल्या दोन-चार वर्षांतच वाळून जातात.

हा पेच काही आजचा नव्हे, आणि केवळ आपल्याकडचाही नव्हे. चार्ल्स डिकन्स हा आरंभी वकिलाच्या कचेरीत कारकून होता, पुढे लघुलेखक बातमीदार झाला. १८३३ सालच्या डिसेंबरात त्याचे पहिले स्फुट लंडनच्या एका मासिकात आले, तेव्हा त्याला एक छदामही मिळाला नव्हता. तशीच स्फुटे तो लिहीत गेला, आणि १८३६ साली त्यांचेच पहिले पुस्तक झाले. आपल्या हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' ही कादंबरीही १८८५ साली 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि १८९० साली तर त्यांनी 'करमणूक' काढून स्वतःच्या लेखणीसाठी दर आठवड्याचे स्थान निर्माण केले. परंतु लंडन आणि पुणे ही छापखान्यांची गावे. परमुलखात, परभाषेच्या गजबजाटात राहणाऱ्याने काय करावे, हा आम्हां जबलपूरकरांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो असता या शहराशी संबंध आलेल्या तीन लेखकांचे आरंभकाळ आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांपैकी दोघे जन्माने मराठी होते. तिघेही हिंदीत नावारूपास आले.

पहिले माधवराव सप्रे. त्यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. बिलासपूर, रायपूर, जबलपूर असे शिक्षण घेत ते पदवीधर झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी जागा दुर्मिळ नव्हती. पण माधवरावांनी तो मार्ग सोडून पेंड्रा येथील राजकुमाराच्या शिक्षकाची दरमहा ५० रुपयांची नोकरी पत्करली आणि त्या मिळकतीच्या आधारावर १९०० सालच्या जानेवारीत 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. पेंड्र्यास छापखाना नव्हता. मासिक पहिल्या वर्षी रायपुरात आणि पुढे नागपुरास देशसेवक छापखान्यात छापले जाई. प्रकाशक वामन बळीराम लाखे, सहसंपादक रामराव चिंचोलकर. हिंदीचे मासिक, आणि चालविणारी तिन्ही माणसे मराठी!

दुसऱ्या कोणाच्या पत्राचा दरवाजा ठोठावीत बसण्याऐवजी माधवरावांनी स्वतःच दरवाजा बांधला. त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा याच मासिकात १९०१ साली आली, आणि हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात आजही तिचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांची ग्रंथपरीक्षणे तर हिंदी समालोचनेचा पाया मानली जातात. मासिक मात्र तोटा सोसवेना म्हणून १९०२ च्या अखेरीस बंद पडले. तीन वर्षांचे अंक, एवढीच माधवरावांची शिल्लक. पण ती लहान नव्हती. १९०६ साली नागपुरास 'हिंदी ग्रंथमाला' आणि १९०७ साली 'हिंदी केसरी' हाती घेताना त्यांचे नाव हिंदी वाचकाला अनोळखी राहिले नव्हते.

पुढील प्रसंग लिहिताना लेखणी जड होते. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली माधवरावांना अटक झाली, आणि कुटुंबीयांच्या दडपणाखाली त्यांनी माफीपत्रावर सही करून सुटका करून घेतली. आठ वर्षांत जमविलेले नाव एका सहीने गेले. लोकांनी तोंड फिरविले; त्यांनी स्वतःलाही क्षमा केली नाही. सार्वजनिक जीवनातून ते दूर झाले, रामदासी वृत्तीने राहिले आणि दासबोधात बुडाले. त्यानंतर त्यांनी जे केले ते प्रत्येक नवोदिताने, आणि एकदा पडून पुन्हा उभे राहू पाहणाऱ्यानेही, ध्यानी धरावे. 'मी निर्दोष आहे' असे सांगणारा एकही लेख लिहीत न बसता त्यांनी भाषांतरे हाती घेतली. दासबोध हिंदीत आणला; लोकमान्यांचे 'गीतारहस्य' १९१६ साली हिंदीत आणले; चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही आणला. कर्ते दुसरे, कीर्ती दुसऱ्यांची; आपले केवळ श्रम. त्या श्रमांनीच त्यांचे नाव परत मिळवून दिले, आणि १९२४ साली हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले. मराठी ही त्यांची मातृभाषा नसती तर हा दुसरा जन्म त्यांना लाभलाच नसता. परमुलखातील मराठी माणसाजवळ दोन भाषांचे भांडवल असते, हे आपण बहुधा विसरतो.

याच माधवरावांच्या प्रेरणेने १९२० च्या जानेवारीत आमच्या जबलपुरात 'कर्मवीर' साप्ताहिक निघाले. संपादकाच्या खुर्चीत मात्र ते स्वतः बसले नाहीत. तेथे त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांना बसविले. ज्याला कोणी पान दिले नव्हते, म्हणून ज्याने स्वतःचे पान काढले, त्याने आता दुसऱ्याला पान दिले.

दुसरे हरिशंकर परसाई. हे मराठी नव्हेत. पण जबलपूरचे इतके, की त्यांना वगळून येथील लेखनाचा इतिहास सांगताच यावयाचा नाही. जन्म १९२४ चा, होशंगाबाद जिल्ह्यातील जमानी गावचा. आरंभी जंगलखात्यात नोकरी, पुढे जबलपुरात शिक्षकी. स्वातंत्र्याच्या आसपास येथे भवानीप्रसाद तिवारी आणि रामेश्वर गुरू हे 'प्रहरी' नावाचे साप्ताहिक चालवीत. परसाईंनी तेथे लिहावयास आरंभ केला आणि 'अघोर भैरव' या टोपणनावाने 'नर्मदा के तट से' हे सदर चालविले. साप्ताहिक स्थानिक, वाचक गावातलाच. परंतु सदर म्हटले की तारीख आली, आणि तारीख आली की प्रतिभेच्या लहरीची वाट पाहता येत नाही. उद्याची टपाल निघावयाची असता आपण जसे टिपण आजच पुरे करतो, तसेच लेखकालाही करावे लागते. हास्य कोठे थांबावे आणि बोच कोठे सुरू व्हावी, हे परसाई असे आठवड्याआठवड्याला शिकले असावेत, असे आम्हांस वाटते.

१९५२ साली त्यांनी सरकारी शाळेची नोकरी सोडली, काही वर्षे खाजगी शाळांत काढली आणि १९५७ साली तीही नोकरी सोडून केवळ लेखनावर राहावयाचे ठरविले. हे वाचून कोणाचे रक्त उसळून राजीनामा लिहावयाचा मोह झाला, तर त्याने मधला काळ मोजावा. पहिले छापील पान आणि शेवटचा पगार यांच्यामध्ये सुमारे दहा वर्षे गेली होती. नोकरी सुटली तेव्हा हातात कात्रणांची भक्कम चळत होती, आणि संपादकांना ती लेखणी ठाऊक झाली होती. त्यांनी लग्न केले नाही, तरी विधवा बहीण आणि तिची मुले यांचा संसार त्यांच्या शिरावर होता. तो या लेखणीने पेलला. 'नई दुनिया'तील 'सुनो भाई साधो', 'कल्पना'तील 'और अंत में' अशी एकामागून एक सदरे त्यांनी चालविली, आणि १९८२ साली 'विकलांग श्रद्धा का दौर' या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली जबलपुरातच त्यांचे देहावसान झाले.

परसाईंनीही पान घेतले तसे दिले. १९५६ साली त्यांनी येथून 'वसुधा' हे मासिक काढले. ते दीर्घायुषी झाले नाही. पण त्याने एका मराठी माणसाच्या गद्याला आसरा दिला, आणि तेवढ्यानेच त्याचे सार्थक झाले असे आम्ही समजतो.

तो मराठी माणूस म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. पूर्वज जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात आलेले. जन्म १९१७ चा, श्योपूरचा. वडील पोलीस अधिकारी. १९४३ च्या 'तार सप्तक' या संग्रहात सात कवींपैकी एक म्हणून ते पुढे आले. १९४६-४७ च्या सुमारास ते जबलपुरात होते. हितकारिणी शाळेत शिकविले, 'जयहिंद' दैनिकात काम केले. पुढे नागपूर, तेथे सरकारी माहिती खाते आणि आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक, आणि १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापकी. इतकी गावे आणि इतक्या नोकऱ्या! आणि प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर हलणारे कवितांचे कागद.

या कागदांना तारीख नव्हती. मुक्तिबोध आपल्या दीर्घ कविता पुनःपुन्हा लिहीत, मोडीत, वाढवीत. गद्याला मात्र तारीख लाभली. 'एक साहित्यिक की डायरी' हे त्यांचे लेख 'नया खून'मध्ये आणि १९५७ नंतर परसाईंच्या 'वसुधा'त येत गेले. स्नेही मागत होता म्हणून ते पुरे झाले, असे आमचे मत आहे. पोटासाठी त्यांनी इतिहासाचे एक पाठ्यपुस्तकही लिहिले. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. तो आघात फार मोठा होता. १९६४ च्या फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. परसाई आणि इतर स्नेह्यांनी धावाधाव केली. भोपाळ, मग दिल्ली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध गेले. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 'चांद का मुंह टेढा है' त्याच वर्षी निघाला. तो त्यांनी पाहिला नाही. कविता निवडण्याचे काम श्रीकांत वर्मा यांनी केले. 'अंधेरे में' ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता 'कल्पना'च्या नोव्हेंबरच्या अंकात आली. सहा खंडांची रचनावली व्हावयास १९८० साल उजाडले.

येथे आम्हांला न्यायाने बोलले पाहिजे. त्या कविता मुदतीत लिहिल्या असत्या तर तशा झाल्या नसत्या. काही लेखनाला तारीख मानवत नाही. परंतु सेवापुस्तिका कोऱ्या राखून थोर होणे हे एखाद्यालाच साधते, आणि त्यालाही ते केवढ्याला पडते ते आपण पाहिलेच.

मुक्तिबोधांच्या घरातच आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत. 'नवी मळवाट', 'यात्रिक' हे काव्यसंग्रह, 'क्षिप्रा' ही कादंबरी. १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार. एकच घर, एकच मायबोली, माळव्यातले एकच बालपण. थोरला हिंदीचा झाला, धाकटा मराठीचा राहिला. याची कारणे स्वभावात आणि संगतीत असतील. पण हाताशी कोणते पान होते, हेही एक कारण असलेच पाहिजे. शरच्चंद्र नागपुरात अध्यापक होते, मराठी ग्रंथ-मासिकांच्या वर्तुळात होते. जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदले. पण मराठी पान नागपुरात होते, आणि जबलपुरात होते ते हिंदी.

मराठी माणसे या शहराला नवी नव्हेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांनी जिंकीपर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे तोफगाड्यांचा कारखाना, खमरिया, रेल्वे, उच्च न्यायालय यांच्यामुळे आपल्यासारखे चाकरमाने येत राहिले. त्यांच्यात लिहिणारे नव्हते असे कोण म्हणेल? परंतु लेखक केवळ बुद्धीने घडत नाही. हाताच्या अंतरावर एखादे पान असावे लागते, आणि त्या पानाला तारीख असावी लागते.

म्हणून लिहू इच्छिणाऱ्या आमच्या तरुण बांधवांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख संपवितो. नोकरी सोडण्याची घाई नको. १९६४ चे केंद्रीय आचरण नियम केवळ साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला पूर्वसंमतीची अट घालीत नाहीत. मोठ्या नियतकालिकाच्या होकाराची वाट पाहत बसण्यापेक्षा जवळच्या लहान पत्रात नेमाने लिहावे. स्वतःचे सुचत नसेल तर भाषांतर करावे. आपणांस दोन भाषा येतात. प्रत्येक कात्रणावर पत्राचे नाव आणि तारीख त्याच दिवशी घालावी. तीस वर्षांनी ती शोधण्याचे कष्ट मुलाबाळांवर टाकू नयेत.

आणि आपल्यापैकी जे लिहीत नाहीत त्यांनी वर्गणी वेळेवर भरावी. परमुलखात मराठी पान काढणे किती कष्टाचे आहे, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. 'छत्तीसगढ मित्र' तीन वर्षांत थांबले, 'वसुधा' थोड्याच वर्षांत थांबली. तरी त्यांनी माणसे उभी केली. उद्या एखादा मराठी मुलगा आपल्या पहिल्या लेखाची घडी खिशात घालून येईल, तेव्हा त्याच्यासाठी एक पान मोकळे असावे, इतकेच आमचे मागणे आहे.