बरणीला कान का नसतात?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने. गेल्या वर्षी जूनमध्ये मी आमच्या आजीचं वर्षभराचं लोणचं जमिनीवर सांडलं. बरणीसकट.

आजी सातारा जिल्ह्यात, गावच्या घरी राहते. दर वर्षी मेच्या शेवटी कैरीचं लोणचं घालते, आणि ते एकाच बरणीत. दहा लिटरची चिनी मातीची बरणी, वरून तपकिरी, खालून पांढरी. तुमच्याही घरी असेल किंवा होती. रिकामी साडेपाच किलो, भरली की पंधराच्या आसपास. मी वजन केलंय, म्हणून सांगतोय. ती ओट्याखालच्या फळीवरून बाहेर काढायची, लोणचं खालीवर करायचं, परत आत ठेवायची. आजीच्या अंगठ्यांचे सांधे दोन वर्षांपासून धरलेत. बरणी गुळगुळीत, धरायला काही नाही, त्यामुळे ती लहान मूल उचलावं तशी बरणी पोटाशी धरून उचलायची. मी म्हटलं, "आजी, चार छोट्या बरण्या घे ना." तर म्हणाली, "छोट्या बरणीत लोणचं मुरत नाही रे, नुसतं भिजतं." विषय संपला.

आता आपण पडलो बीटेक. मी लॅपटॉपवर एक हँडल डिझाइन केलं. बरणीच्या गळ्याभोवती बसणारी दोन अर्धी कडी, दोन नट-बोल्ट, दोन बाजूंना दोन मुठी. पाहिजे तेव्हा लावा, नको तेव्हा काढा. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलं. दिसायला एकदम भारी! रिकाम्या बरणीवर टेस्ट केलं, पाच लिटर पाणी भरून टेस्ट केलं. भरलेल्या बरणीवर टेस्ट केलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.

पहिल्याच उचलीत उजवी मूठ मुळापासून सुटली. तेल, मोहरी, फोडी, खापऱ्या, सगळं एकत्र. आजीने पहिला प्रश्न विचारला, "पायावर नाही ना पडली?" मग खाली बसून ती खापऱ्या वेचायला लागली. लोणच्यात चिनी मातीचे कण गेलेले, त्यामुळे एकही फोड वाचवता येणार नव्हती. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसमध्ये काही कोसळलं की आम्ही नेमकं कुठे चुकलं याचा अहवाल लिहितो. तसा याचाही लिहायला बसलो आणि एका प्रश्नावर अडकलो. माणूस हजारो वर्षं मातीच्या भांड्यांतून जड वस्तू साठवतोय. मग बरणीला कान का नाहीत? कप्-बशीतल्या कपाला आहे, किटलीला आहे, आणि पंधरा किलोच्या बरणीला नाही?

तर आधी कान असलेल्या भांड्यांकडे जाऊ. रोमन लोकांचे अँफोरा म्हणजे दोन कानांचे उंच मातीचे रांजण, तळाला टोकदार. यातला एक प्रकार अभ्यासकांच्या यादीत 'ड्रेसेल २०' म्हणून ओळखला जातो. दक्षिण स्पेनमधलं ऑलिव्हचं तेल त्यातून रोमला यायचं. रिकाम्या रांजणाचं वजन सुमारे ३० किलो, आत सुमारे ७० लिटर तेल. म्हणजे भरलेला नग जवळपास ९५ किलोचा! तेल काढून घेतलं की रांजण फोडायचे आणि एका जागी रचायचे. त्या खापरांची रोममध्ये टेकडी झाली आहे, मोंते तेस्ताच्यो. सुमारे ३५ मीटर उंच, आजही उभी आहे. वर गवत आहे, आत नुसती खापरं.

गंमत अशी की त्या दोन कानांना धरून एकट्या माणसाने ९५ किलो उचलणं शक्यच नव्हतं. पाँपेईत एक शिल्प सापडलंय, त्यात दोन माणसं खांद्यावर बांबूसारखा दांडा घेऊन चालली आहेत आणि मधे दांड्याला अँफोरा टांगलेला आहे. म्हणजे खरं हँडल कोणतं? दांडा. कान तोल धरायला, दोरी अडकवायला. माल उतरला की दांडा मोकळा, पुढच्या रांजणाला तयार.

हे रांजण आपल्याकडेही आले. नेवासा, घारापुरी अशा ठिकाणी अँफोराचे तुकडे सापडल्याची नोंद आहे. नंतर अभ्यासकांनी भारतातले असे बरेच तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले कित्येक रोमन नव्हतेच. ते मेसोपोटेमियातल्या 'टॉर्पेडो' रांजणांचे निघाले. आतून डांबर लावलेले, खाली निमुळते, आणि कान? एकही नाही. समुद्रातून इतक्या लांब माल आणणारे व्यापारी बिनकानाचा रांजण वापरत होते आणि त्यांचं काही अडत नव्हतं.

का, हे मला माझ्या तुटलेल्या मुठीने सांगितलं. मातीच्या भांड्याचा कान वेगळा वळून, ओला असताना, अंगाला चिकटवतात. मग भाजतात. म्हणजे जोड तिथेच, आणि सगळं वजनही तिथेच. भाजलेली माती दाब उत्तम सोसते, पण तिला ओढ सोसत नाही. माझ्या प्रिंटरची मूठही थरावर थर बसवून केलेली होती आणि मी ते थर नेमके असे ठेवले होते की वजनाने ते एकमेकांपासून ओढले जातील. कुंभाराला जे ठाऊक होतं ते मला माहीत नव्हतं, एवढाच त्या अहवालाचा निष्कर्ष.

आता बरणीच्या पणजीकडे येऊ. हिंदी-उर्दूत बरणीला 'मर्तबान' म्हणतात. हा शब्द एका बंदराच्या नावावरून आलाय. बर्मा म्हणजे आजच्या म्यानमारमधलं मार्ताबान, आजचं मोत्तमा. तिथून गडद झिलईचे मोठमोठे रांजण जगभर जायचे. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता चीनच्या वाटेवर असताना एका राजकन्येने त्याला भेटी दिल्या, असं तो सांगतो. त्यात चार मर्तबान होते, आणि त्यांत काय? खारवलेलं आलं, मिरी, लिंबू आणि आंबा. जहाजावरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून. सहा-सातशे वर्षांपूर्वीची लोणच्याची बरणी, मंडळी! हे वाचलं तेव्हा मी आजीला फोन केला. ती म्हणाली, "मग? दुसरं काय घालणार त्यात?"

पुढे लिन्स्खोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये आलं. त्यात तो लिहितो की हे रांजण भारतात घरोघरी वापरतात, जहाजांवर लाकडी पिंपांऐवजी हेच असतात, आणि काही तर पोर्तुगीजांची दोन मोठी पिंपं पाणी मावेल एवढे असतात. म्हणजे कित्येक शे लिटर. अशा रांजणांच्या खांद्यावर बऱ्याचदा तीन-चार चिमुकले कान दिसतात. संग्रहालयात पाहिलेत तर लक्षात येईल, त्यात बोट जेमतेम जातं. ते हाताने उचलायला नाहीतच. तोंडावरचं कापड बांधायला, दोरी ओवायला आहेत.

इथे माझ्या डोक्यात दिवा पेटला. आपल्या स्वयंपाकघरात हँडल नाही असं नाही. ते भांड्यापासून सुटं ठेवलेलं आहे.

सांडशी घ्या. काही घरांत पक्कड म्हणतात, काही घरांत चिमटा. एक सांडशी, आणि घरातली सगळी पातेली तिची. पातेल्यांना दांडे नाहीत म्हणून ती एकात एक बसतात, दहा पातेल्यांची चळत एका कोनाड्यात मावते. पण सांडशी चालते कशामुळे? पातेल्याच्या बाहेर वळलेल्या काठामुळे. तो काठ म्हणजे आमच्या भाषेत इंटरफेस. कोणत्याही गावच्या तांबटाने ठोकलेलं पातेलं असो, काठ वळलेला असला की कोणतीही सांडशी बसणार. यूएसबी-सी यायच्या किती आधी आपण हे करून बसलो होतो! फ्रान्सच्या टेफल कंपनीने १९९० च्या दशकात काढता येणाऱ्या दांड्याची भांडी बाजारात आणली, तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं. चांगली आहेत, पण त्यांचा दांडा त्यांच्याच भांड्यांना.

'सांडशी' हा शब्द संस्कृत 'संदंश'वरून आला. संदंश म्हणजे दोन्ही बाजूंनी चावणारं. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या साधनांमध्ये संदंश यंत्र आहे, त्याचे दोन प्रकार सांगितलेत. म्हणजे शल्यवैद्याच्या हातातलं आणि आईच्या हातातलं हत्यार भाषेने सख्खं आहे. कल्हईवालाही तापलेलं भांडं सांडशीनेच धरून फिरवायचा, दुसऱ्या हातात कापूस आणि नवसागर.

पण सांडशी आजीच्या कामाची नव्हती. सांडशीत पकड तुमची बोटं देतात. दाब सोडला की भांडं सुटलं. शिवाय ती एकाच बाजूने धरते, त्यामुळे सगळा पीळ मनगटावर येतो. दुधाचं मोठं पातेलं उतरवताना आई दुसऱ्या बाजूला फडकं का लावते, ते त्यामुळेच. धरलेल्या अंगठ्यांना हे कसं जमणार?

याचं उत्तर विहिरीवर होतं. घागर विहिरीत सोडताना गळ्याभोवती सरकफास टाकतात. घागर भरली, जड झाली, की फास आवळतो. म्हणजे वजन जितकं जास्त, पकड तितकी घट्ट. वर आली, काठावर टेकली, वजन गेलं, फास सैल. बोटांनी दाबायचं काहीच नाही, दोर फक्त ओढायचा. त्या फासासाठीच घागरीला गळा आहे असं मी म्हणणार नाही, पण गळा नसता तर फास बसला नसता हे नक्की.

फक्त एक अडचण. घागर तांब्या-पितळेची असते, ती ओढ सोसते. चिनी मातीची जुनी बरणी नुसती गळ्याने टांगायची म्हणजे पुन्हा तोच धोका. मग आठवलं शिंकं! दही-लोण्याची मडकी टांगायचं दोरीचं जाळं. शिंक्यात मडकं खालून धरलेलं असतं. माती दाबली जाते, ओढली जात नाही. गळ्यापाशी दोऱ्या फक्त मडकं कलंडू नये म्हणून.

तर माझं दुसरं डिझाइन असं: बॅगेच्या पट्ट्यांचे दोन तुकडे, तळाखाली फुलीसारखे शिवलेले. चार टोकं बरणीच्या अंगावरून वर येतात आणि दोन रुंद मुठींत जातात. गळ्याभोवती एक सरकफास, तो चारही पट्ट्यांना आत ओढून धरतो. बरणी पट्ट्यांवर ठेवायची, फास ओढायचा, उचलायची. ठेवली की सैल करून काढायची. थ्रीडी प्रिंटिंग शून्य. गावात बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी चपलेच्या दोऱ्याने शिवून दिलं. त्यांनी तळाची फुली बघून विचारलं, "शिंकं करताय का?" मी तिथवर यायला तीन महिने घेतले होते.

या वेळी टेस्टिंग नीट केलं. जुन्या चिरलेल्या बरणीत ओली वाळू भरून, एकूण पंचवीस किलो करून रात्रभर तुळईला टांगलं. सकाळी तशीच होती. मग गच्च भरलेली तीच बरणी शंभर वेळा उचलून ठेवली. साठाव्या वेळी एका पट्टीची शिवण उसवायला लागली. काकांकडे परत गेलो, त्यांनी दुहेरी टाके घातले आणि पैसे घेतले नाहीत.

या मेमध्ये आजीने नव्या बरणीत लोणचं घातलं. पट्टा लावून तिने पहिल्यांदा बरणी काढली तेव्हा मी फळीपाशी दोन्ही हात पुढे करून उभा होतो. तिने मला बाजूला व्हायला सांगितलं. बरणी उचलली, ओट्यावर ठेवली, झाकण काढलं.

मुठींना तिने आता जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे, पट्टी हाताला रुतते म्हणून. हा बदल मी माझ्या ड्रॉइंगमध्ये टाकलाय. उचलताना ती अजूनही एक हात क्षणभर बरणीच्या तळाखाली नेते. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "सवय."

तुमच्याकडे सांडशीला काय म्हणतात, आणि जड बरणी कोण कशी उचलतं, व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडला वाजवतो.